हरपाळदेवांचा अखेरचा डाव : लीळाचरित्रातील एका प्रसंगाचा विचार

मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथात चरित्रनायकाच्या आयुष्याला जे निर्णायक वळण लागते, त्याचा आरंभ द्यूताच्या फडावर होतो. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ऋद्धपूर येथे सिद्ध केलेल्या लीळाचरित्राच्या ‘एकांक’ या पहिल्या भागात हा प्रसंग आला आहे. प्रसंग अगदी लहान आहे. लीळाकार फडाचे वर्णन करीत नाही, फाशांचे करीत नाही, सोबत्यांचेही करीत नाही. तो निकाल तेवढा सांगतो आणि पुढे जातो. या संक्षेपामुळेच की काय, या दिवसाकडे अभ्यासकांचे लक्ष बहुधा ‘वैराग्याचे निमित्त’ एवढ्यापुरतेच गेले. निमित्त म्हटले की त्याची तपासणी करण्याचे कारण उरत नाही. वस्तुतः तत्कालीन व्यवहारशास्त्राच्या उजेडात हा दिवस वाचला, तर त्यातील मुख्य पात्र हरणारा जुगारी नसून अलंकार न देणारी त्याची पत्नी आहे, असे म्हणणे प्राप्त होते.

कथाभाग थोडक्यात असा. भडोचच्या राजाचा प्रधान विशाळदेव याचा पुत्र हरपाळदेव तरुणपणीच मरण पावला. देह स्मशानात नेलेला असता द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह सोडून त्यात प्रवेश केला, अशी महानुभाव पंथाची श्रद्धा आहे. पुन्हा उठलेले हरपाळदेव प्रधानपुत्राचा संसार करू लागले. त्यांची पत्नी कमळाइसा. त्यांना द्यूताचा नाद होता. एके दिवशी ते फार मोठे द्रव्य हरले. देणे फेडण्यासाठी त्यांनी कमळाइसेकडे तिचे अलंकार मागितले. तिने ते दिले नाहीत. ही गोष्ट पित्याच्या कानी गेली आणि त्याने ते देणे भागविले. देणे फिटले, परंतु हरपाळदेवांचे चित्त संसारातून उठले ते उठलेच. पुढे रामयात्रेचे, म्हणजे नागपूरजवळच्या रामटेकच्या यात्रेचे, निमित्त करून ते घराबाहेर पडले. वाटेत ऋद्धपूरला त्यांची गोविंदप्रभूंशी भेट झाली आणि हरपाळदेवांचे चक्रधर झाले.

या प्रसंगाचा नागपुराशी असलेला संबंध केवळ रामटेकपुरता नाही. लीळाचरित्र हा ग्रंथ शतकानुशतके पंथाच्या सांकेतिक लिप्यांत बंद होता. तो सामान्य वाचकांसाठी छापून काढण्याच्या कार्यात नागपूरच्या अभ्यासकांचा वाटा फार मोठा आहे. हरि नारायण नेने यांनी १९३६-३७ पासून त्याचे भाग प्रसिद्ध केले. शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती १९६४ ते १९६७ या काळात आली, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या विष्णु भिकाजी कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. कोलते यांचे श्रीचक्रधर चरित्र तत्पूर्वीच, १९५२ मध्ये, बाहेर आले होते. प्रधानपुत्राच्या द्यूताची ही कथा मराठी वाचकाला आज विनासायास उपलब्ध आहे ती या परिश्रमांमुळे.

आता द्यूताकडे वळावयाचे. प्रधानपुत्र जुगार खेळतो, यात त्या काळच्या वाचकाला नवल वाटण्यासारखे फारसे नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंग, फासे व कवड्या यांचे खेळ सविस्तर वर्णिले आहेत. आणि हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा, म्हणजे लीळाचरित्राच्या आधी दीडशे वर्षांचा आहे. फासे हा रिकामपणाचा, सुट्टीचा, वैभवाचा खेळ होता. वर्षातून एकदा तर तो सर्वांनाच मोकळा असे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला धर्मग्रंथांनी ‘द्यूतप्रतिपदा’ असे दुसरे नाव दिले आहे. त्या सकाळी शंकर-पार्वतीने द्यूत मांडले, शंकर हरले, पार्वती जिंकली, म्हणून त्या दिवशी जो जिंकेल त्याचे वर्ष सुखाचे जाईल, अशी समजूत कमलाकरभट्टांच्या निर्णयसिंधूसारख्या निबंधांनी नोंदविली आहे. या आख्यायिकेतही हरणारा पती आहे व धनी झालेली पत्नी आहे, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुट्टीपुरता जुगार मोकळा करावा आणि सुट्टी संपली की फासे उचलावेत, ही युक्ती एकट्या भारताची नव्हे. व्हेनिसच्या शासनाने १६३८ मध्ये ‘रिदोत्तो’ नावाचे सरकारमान्य द्यूतगृह उघडले ते कार्निव्हलच्या उत्सवकाळासाठीच. मुखवटे घालून लोक तेथे खेळत आणि उपवासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तो हंगाम संपत असे. १७७४ मध्ये शासनाने ते बंद केले. ‘कॅसिनो’ हा शब्दही इटालियन भाषेतलाच. ‘कासा’ म्हणजे घर. त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘कॅसिनो’, म्हणजे घरकुल. संस्कृतात याला तुल्य शब्द शोधावयाचा तर ‘सभा’ हा होय. ऋग्वेदाच्या अक्षसूक्तातील जुगारी सभेत जातो ती खेळण्यासाठी, आणि पुढील काळात द्यूतगृहाच्या चालकाला ‘सभिक’ असेच नाव पडले. राज्यकारभाराच्या सभेचे आणि जुगाराच्या सभेचे छप्पर एकच होते. कौरवांच्या सभेत ते कसे एक झाले हे सांगावयास नकोच.

सभिकाचे कार्य शास्त्रकारांनी मोठ्या बारकाईने ठरवून दिले आहे. मनूला द्यूत मुळीच मान्य नाही. राजाने ते राज्यातून हाकलावे असे त्याचे मत. कौटिल्य व याज्ञवल्क्य मात्र व्यवहारी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा अधिकारी आहे. तो एकाच ठिकाणी खेळ चालवितो, अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड करतो, फासे भाड्याने देतो आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा ५ घेतो. याज्ञवल्क्याने डावाची रक्कम शंभर वा अधिक असल्यास शेकडा ५ व इतरांकडून शेकडा १० असा सभिकाचा भाग सांगितला आहे. सभिकाने त्यातून राजाला ठरलेला वाटा द्यावा आणि हरलेल्याकडून द्रव्य वसूल करून जिंकणाऱ्याला पोचते करावे. राजानेही ते वसूल करून द्यावे, परंतु खेळ सभिकाच्या देखत, राजमान्य स्थळी झालेला असेल तरच. द्यूत एका ठिकाणी का असावे, याचे जे कारण याज्ञवल्क्य देतो ते मार्मिक आहे : चोर ओळखू यावेत म्हणून.

आधुनिक कायदा येथे उलट दिशेला गेला. १८७२ च्या करार कायद्याने पैजेचा करारच निरर्थक ठरविला, म्हणजे जिंकलेले द्रव्य मागण्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. मध्यप्रांतात असलेल्या नागपूरला १८६७ चा जुगारविषयक कायदा लागू होता, मुंबई इलाख्याला १८८७ चा. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण व त्यांवरील कर यांसाठी एक अधिनियम संमत केला खरा, परंतु तो कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. गोव्याने १९९२ पासून आपल्या कायद्यात दुरुस्त्या करून प्रथम पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना व पुढे जहाजांवरील खेळाला वाट करून दिली. त्यामुळे नागपूरच्या प्रवाशाला द्यूताची सुट्टी घालवावयाची तर मांडवीचे पात्र गाठावे लागते. तेथून परतणाऱ्याचा अखेरचा दिवस हिशेबाचा असतो. हरपाळदेवांचाही होता.

हा हिशेब कोणी द्यावयाचा होता, हा या प्रसंगातील खरा प्रश्न आहे. देणे मोठे, खेळणारा प्रधानाचा मुलगा, पैसा त्याच्या स्वतःच्या हाती नाही. त्याच्यापुढे दोन दारे होती. एक पत्नीचे, दुसरे पित्याचे. तो प्रथम पत्नीच्या दाराशी गेला.

मराठी वाचकाचा येथे सहज असा ग्रह होतो की, कमळाइसेने पतीला संकटकाळी पाठ दाखविली. तिच्या लोभामुळे अथवा निष्ठुरतेमुळे पतीचे डोळे उघडले. कीर्तनात वा बोधकथेत हा अर्थ सोयीचा खरा. परंतु तो तेराव्या शतकातील व्यवहाराशी जुळत नाही. स्त्रीचे अलंकार हे स्त्रीधन. पिता, माता, बंधू व पती यांनी दिलेले आणि विवाहाग्नीच्या साक्षीने मिळालेले द्रव्य याज्ञवल्क्याने स्त्रीधनात गणिले आहे. चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) याच्या आश्रयाने कल्याणी येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, तीत तर ही व्याप्ती आणखी वाढविली. हे धन पतीला घेता येते ते चारच प्रसंगी : दुष्काळात, आवश्यक अशा धर्मकार्यात, व्याधीत आणि ‘संप्रतिरोधक’ म्हणजे बंदिवासादी अडवणुकीत. या चार प्रसंगी घेतलेले परत न केले तरी चालते. एरव्ही पतीचा त्यावर हक्क नाही.

द्यूतातील देणे या चारांत कोठेच बसत नाही. एखादा कुशल वकील चौथ्या कारणाचा आधार घेऊ पाहील, कारण जुगाऱ्यांनी हरलेल्याला अडवून ठेवण्याची रीत प्राचीन काळी होती. मृच्छकटिकात हरलेल्या संवाहकाला ‘द्यूतकरमंडली’त, म्हणजे जुगाऱ्यांच्या रिंगणात बांधून टाकलेले दिसते, देणे दिल्यावाचून त्याला ते रिंगण ओलांडता येत नाही. परंतु हरपाळदेव स्वतः पत्नीकडे मागावयास आले, म्हणजे ते अडकलेले नव्हते. शिवाय ऋणप्रकरणात याज्ञवल्क्याने स्पष्टच सांगितले आहे की, कुटुंबाच्या पोषणासाठी काढलेले नसेल तर पतीचे ऋण पत्नीने देण्याचे कारण नाही, आणि पुत्राचे ऋण पित्यानेही देण्याचे कारण नाही. एवढेच नव्हे, तर मद्य, काम आणि द्यूत यांपायी पित्याने केलेले ऋण पुत्रावरही येत नाही. द्यूताचे ऋण हे ज्याचे त्यानेच फेडावयाचे, इतरांच्या माथी न जाणारे ऋण होय.

म्हणजे त्या दिवशी दोन दारांपैकी कोणतेही दार कायद्याने उघडणे बंधनकारक नव्हते. कमळाइसेने आपला हक्क वापरला. विशाळदेवाने हक्क सोडला. पित्याने देणे भागविले ते वात्सल्याने असेल, अथवा प्रधानाच्या घराची लाज राखण्यासाठी असेल; शास्त्राने त्याला ते करावयास लावलेले नाही. गंमत अशी की, ज्याने मदत केली त्याच्या उपकाराने हरपाळदेव घरात राहिले नाहीत, आणि जिने मदत केली नाही तिच्यावर ते रागावल्याचेही कथेत प्रमुखपणे येत नाही. त्यांना लागले ते निराळेच. जे आपले म्हणून मागावयास गेलो ते आपले नव्हते, हे त्यांना त्या दारात कळले. प्रधानपुत्राला घर, पत्नी, अलंकार, भांडार ही सारी ‘आपली’ वाटत असतात. द्यूतात ती पणाला लावतानाही तो त्याच समजुतीवर खेळतो. त्या समजुतीला पहिला नकार मिळाला तो घरातून, आणि तोही रीतसर.

द्रौपदीचा प्रश्न याच जातीचा होता. स्वतःला आधी हरलेला पुरुष मग पत्नीला पणाला लावू शकतो काय, असे तिने सभेत विचारले आणि भीष्मासारख्यालाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. कमळाइसेला प्रश्न विचारावा लागला नाही. तिच्या अलंकारांपुरते उत्तर शास्त्रकारांनी दरम्यानच्या शतकांत देऊन ठेवले होते. प्रधानाच्या घरात ते ठाऊक नसेल, असे मानणे कठीण.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. जुगारात हरलेला माणूस विरक्त होतो, हा कथाप्रकार जुना आहे. तेव्हा लीळाचरित्रातील प्रसंग हा इतिहास नसून रूढ कथाबीजाची आवृत्ती कशावरून नसेल? मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकातील संवाहक दहा सुवर्ण हरतो, सभिक माथुराला चुकवून पाठमोऱ्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. पण फाशांचा आवाज कानी येताच त्याला राहवत नाही. अखेर वसंतसेना आपले कंकण देऊन त्याचे देणे फेडते आणि तो बौद्ध भिक्षू होतो. द्यूत, देणे, स्त्रीचा अलंकार, संन्यास : चारही घटक येथे आहेत. विदर्भाशी निगडित असलेले नलाख्यानही आठवते. पुष्कराशी खेळताना नल राज्य हरत चालला तेव्हा दमयंतीने मुलांना वार्ष्णेय सारथ्यासोबत कुंडिनपुरास, आपल्या माहेरी, धाडले. ते कुंडिनपूर म्हणजे वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर होय, असे मानले जाते. पुढे पुष्कराने दमयंतीचाच पण मागितला, तेव्हा नलाने काही न बोलता अंगावरचे अलंकार उतरविले आणि एका वस्त्रानिशी तो बाहेर पडला.

साम्य आहे, परंतु सांधा निराळा आहे, आणि तो निराळेपणाच प्रमाण म्हणून महत्त्वाचा. संवाहकाच्या कथेत अलंकार दिला जातो व देणाऱ्या स्त्रीचे औदार्य हा कथेचा विषय होतो. कारण ती नाटकाची नायिका आहे. नल स्वतःचे अलंकार टाकतो, आणि मुख्य म्हणजे तो परत येतो. ऋतुपर्ण राजाकडून बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजण्याच्या निमित्ताने तो अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो. त्याच्या मोबदल्यात अश्वहृदय देतो. आणि पुन्हा पुष्करासमोर बसून एकाच डावात सर्व जिंकतो. नलाची विद्या त्याला पटाकडे परत नेते. कथाकाराने रूढ साच्यावरून प्रसंग बेतला असता, तर अलंकार देणारी साध्वी किंवा परत जिंकणारा वीर यांपैकी एक त्याला आयताच मिळत होता. हरपाळदेवांच्या कथेत दोहोंपैकी कोणीही नाही. नकार, पित्याने फेडलेले देणे आणि खेळाचा कायमचा शेवट, ही कोणत्याही साच्याला न शोभणारी, घरगुती स्वरूपाची हकिकत आहे.

दुसरे असे की, ज्या पुरुषाला पंथ परमेश्वराचा अवतार मानतो, त्याचे द्यूत आणि त्यातील हार पंथाच्या मूळ ग्रंथातच नोंदलेली आहे. भाविकाच्या दृष्टीने ती लीळाच होय. गीतेतही भगवंतांनी आपल्या विभूतींमध्ये द्यूताची गणना केलेली आहेच. तथापि, नव्याने रचावयाचे असते तर हे रचण्याचे कारण नव्हते. एकांकातील या घटना शिष्यांनी पाहिलेल्या नव्हत्या. त्यांचा उगम स्वामींच्या सांगण्यातच असला पाहिजे. म्हाइंभटांची पद्धतीही विश्वास वाढविणारी आहे. नागदेवाचार्यांच्या संमतीने, ज्याने जे पाहिले-ऐकले त्याला विचारून त्यांनी लीळा जमविल्या, आणि आठवणींत भेद आढळला तेथे निराळ्या ‘वासना’ म्हणून तो ग्रंथात नमूद होत गेला. मूळ प्रत यवनांच्या आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाल्यावर शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला, त्यात हिराइसेच्या स्मरणातील पाठाला मोठा मान आहे. तेव्हा शब्दाशब्दाची हमी देता येणार नाही हे खरे. परंतु सांगणाऱ्याला अडचणीची अशी हकिकत एवढ्या हातांतून जाऊनही गळली नाही, हे तिच्या प्राचीनत्वाचे गमक मानावयास हरकत नाही.

भाषेच्या अंगानेही या दिवसाकडे पाहता येते. आजचा ‘जुगार’ हा शब्द संस्कृत ‘द्यूतकार’, प्राकृत ‘जूआर’ या मार्गाने आला, असे सामान्यतः मानतात. म्हणजे मुळात जो खेळणाऱ्याचा वाचक होता तो मराठीत खेळाचा वाचक झाला आणि खेळणाऱ्यासाठी ‘जुगारी’ असा आणखी एक प्रत्यय लावावा लागला. माणूस आणि व्यसन यांची अशी अदलाबदल शब्दाच्या पोटात झाली आहे. ‘फासा’ हा ‘पाशक’पासून, आणि ‘फास’ हा ‘पाश’पासून, दोहोंच्या आरंभी महाप्राण आला आणि ते मराठीत एकमेकांजवळ येऊन बसले. ‘हरणे’ हे क्रियापद तर विशेष मनोरंजक. ‘हृ’ म्हणजे नेणे. त्याचे प्रयोजक रूप ‘हारयति’, म्हणजे नेववितो. संस्कृतात त्याचा द्यूतात गमावणे असा रूढ अर्थ आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हरणारा हा केवळ नाडला गेलेला नसतो. आपले द्रव्य दुसऱ्याकडून तोच नेववीत असतो.

‘पण’ व ‘पैज’ या जोडीचा प्रवास परस्परविरुद्ध दिशांनी झाला आहे. ‘पण’ म्हणजे मुळात द्यूतात लावलेले द्रव्य, आणि एक नाणेही; मराठीत ‘पण करणे’ म्हणजे प्रतिज्ञा करणे असा अर्थ प्रबळ झाला. उलट ‘पैज’ हा ‘प्रतिज्ञा’ शब्दाचा अपभ्रंश, आणि तो आज होडेचा वाचक आहे. डाव व्रताकडे गेला, व्रत डावाकडे आले. भाषेला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत, कारण दोहोंतही माणूस स्वतःजवळचे काहीतरी पुढे ठेवून शब्दाने बांधला जातो. हरपाळदेवांच्या चरित्रात त्या एका दिवसाच्या अलीकडे पण आहे, पलीकडे व्रत आहे.

घर सोडणे मात्र सोपे नव्हते. भडोच हा लाटदेशाचा प्रमुख भाग. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यावर देवगिरीच्या यादवांचा आणि गुजरातच्या सत्तेचा झगडा चालू होता. यादव सिंघण (सु. १२१०–१२४६) याने गुजरातवर वारंवार स्वाऱ्या केल्या; त्याच्या सैन्याच्या वार्तेने उडालेल्या घबराटीचे वर्णन सोमेश्वर कवीच्या कीर्तिकौमुदीत आहे. रामटेक यादवांच्या प्रदेशात. प्रधानाच्या मुलाने शत्रुराज्य ओलांडून यात्रेला जावे, हे विशाळदेवाला रुचण्यासारखे नव्हते. त्याने प्रथम संमती दिली नाही आणि पुढे दिली ती परिवारासह जाण्याच्या अटीने, यात राजकीय वास्तवाची खूण स्पष्ट दिसते. काही अंतर गेल्यावर हरपाळदेव एकेकाला परत पाठवू लागले.

रामटेकचीच निवड का झाली, याचेही कारण आहे. वाकाटकांपासून त्या टेकडीला देवस्थान म्हणून प्रतिष्ठा होती, आणि यादवकाळात ती दूरवर पसरलेली होती. तेथील लक्ष्मणमंदिरात यादव रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे, वा. वि. मिराशी यांनी ल. रा. कुळकर्णी यांच्यासह त्याचे संपादन केले असून टेकडीवरील तीर्थांचे वर्णन त्यात आले आहे. भडोचच्या माणसाला ‘रामयात्रा’ म्हटल्यावर आणखी खुलासा करावा लागला नाही, यावरून या क्षेत्राची कीर्ती किती दूर गेली होती ते कळते. पुढे महानुभाव परंपरेनेही रामटेकच्या भोगराम मंदिराशी स्वामींच्या वास्तव्याची स्मृती जोडली.

परंतु त्या पहिल्या यात्रेत ते रामटेकला पोचण्याआधीच थांबले. आजच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात असलेल्या ऋद्धपुरास ते आले तेव्हा बरोबरचा परिवार राहिला नव्हता. गावातील रस्त्यावर वेड्यासारखे वागणारे गोविंदप्रभू त्यांना भेटले आणि त्यांच्या हातचा उष्टा प्रसाद त्यांनी घेतला. याच गावात पुढे म्हाइंभटांनी लीळा लिहून काढल्या, आणि राज्याने मराठी भाषा विद्यापीठासाठीही याच गावाची निवड केली. भडोचच्या फडावरील देणे पित्याने केव्हाच फेडलेले होते. कमळाइसेचे अलंकार तिच्यापाशी होते. रामटेक अजून दूरच्या वाटेवर होते.